पांढऱ्या उंदराचे वजन

धागा : एखादे औषध विषारी आहे की नाही, हे ठरवण्याआधी विज्ञानाला एका फार साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. निरोगी उंदीर म्हणजे नेमका कसा उंदीर? हे उत्तर शोधण्याचा, ते हाती लागल्याचा आणि पुन्हा हातातून निसटण्याचा हा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास.

१/
सप्टेंबर १९३७. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेन्गिल कंपनीने एक नवे पातळ औषध बाजारात आणले. सल्फानिलामाइड हे त्या काळातले जंतुसंसर्गावरचे नवे आणि खरोखर गुणकारी औषध; पण ते मिळे गोळ्या आणि पूड या रूपांत. लहान मुलांना गोळी गिळवत नाही, म्हणून ते विरघळवून गोड, रास्पबेरीच्या स्वादाचे सरबतवजा औषध तयार करण्यात आले. कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची चव, रंग आणि वास तपासले गेले. एवढेच तपासले गेले.

२/
विरघळवण्यासाठी जो द्रव वापरला होता, तो होता डायएथिलिन ग्लायकॉल. गोडसर, दाटसर, स्वस्त आणि मूत्रपिंडे बंद पाडणारा. ऑक्टोबरात ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातून मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. रुग्णांची लघवी बंद होई, पोटात असह्य दुखे आणि काही दिवसांत सारे संपे. एकूण १०५ माणसे दगावली; त्यांत ३४ मुले होती. औषध बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाने पुढे आत्महत्या केली.

३/
आज विश्वास बसणार नाही अशी गोष्ट म्हणजे, विषारी औषध विकणे हा त्या वेळच्या अमेरिकी कायद्याने गुन्हाच नव्हता. सरकारी अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून बाटल्या जप्त केल्या त्या ‘एलिक्झिर’ या एका शब्दाच्या आधारावर. एलिक्झिर म्हणजे मद्यार्क असलेले औषध. या बाटलीत मद्यार्क नव्हता, म्हणून नाव खोटे, म्हणून जप्ती! बाटलीवर दुसरे एखादे नाव छापलेले असते, तर अधिकाऱ्यांचे हात बांधलेले राहिले असते.

४/
दोष मूळ औषधाचा की द्रावकाचा, हे शोधायचे काम शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक गायलिंग यांच्या प्रयोगशाळेकडे आले. तेथे फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक तरुण विद्यार्थिनी पांढऱ्या उंदरांवर लक्ष ठेवून होती. काही प्राण्यांना संपूर्ण औषध दिले, काहींना केवळ सल्फानिलामाइड, काहींना केवळ द्रावक. द्रावक ज्यांच्या पोटात गेला, ते प्राणी मेले. (हीच विद्यार्थिनी पुढे फ्रान्सिस केल्सी या नावाने ओळखली गेली आणि १९६० नंतर तिनेच थॅलिडोमाइडला अमेरिकेच्या बाजारात येऊ दिले नाही.)

५/
उंदीर मेला की निकाल स्पष्ट असतो. पण तो मेला नाही तर? समजा त्याचे वजन जरा कमी भरले, यकृत किंचित मोठे दिसले, रक्तातील पांढऱ्या पेशी थोड्या घटल्या. हा विषाचा परिणाम, की हा उंदीर मुळात असाच? माणूस निदान सांगू शकतो, ‘कालपासून बरे वाटत नाही.’ उंदीर काहीच सांगत नाही. त्याचे आजारपण कळते ते फक्त तुलनेने, आणि तुलना करायची तर ‘बरा उंदीर’ आधी मोजून ठेवलेला हवा.

६/
तो मोजण्याचे काम या दुर्घटनेच्या तीस वर्षे आधीच सुरू झाले होते. ते ज्यांनी केले, त्यांच्या डोक्यात विषाचा विचार मात्र अजिबात नव्हता.

७/
त्याआधी शब्दाचा एक खुलासा. मराठीत ‘उंदीर’ म्हटले की इंग्रजीतले ‘रॅट’ आणि ‘माऊस’ दोन्ही आले. येथे गोष्ट चालली आहे ती थोरल्याची, म्हणजे रॅटची. गटारात, गोदामात, बंदरात राहणारा जो तपकिरी उंदीर, त्याचाच हा पांढरा, लाल डोळ्यांचा वंशज. त्याला शास्त्रीय नाव ‘नॉर्वेचा उंदीर’ असे मिळाले. नॉर्वेशी त्याचा काही विशेष संबंध नाही, त्याचे मूळ आशियातले.

८/
हा प्राणी प्रयोगशाळेत पोहोचला तो करमणुकीच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात एका आखाड्यात शेकडो उंदीर सोडून त्यांवर कुत्रा सोडण्याचा खेळ लोकप्रिय होता. कुत्रा किती मिनिटांत किती उंदीर मारतो, यावर पैजा लागत. पकडून आणलेल्या उंदरांत अधूनमधून एखादा पांढरा निघे. अशी दुर्मीळ जनावरे उंदीर पकडणारे लोक बाजूला काढत, त्यांची पैदास करत आणि हौशी लोकांना पाळायला विकत. व्हिक्टोरिया राणीचा उंदीरपकड्या म्हणवणारा जॅक ब्लॅक हा त्यांतला प्रसिद्ध. माणसाळलेला, हाताळता येणारा पांढरा उंदीर असा तयार झाला, आणि १८५६ पर्यंत फ्रान्समध्ये त्याच्यावर अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याचे प्रयोगही होऊ लागले होते.

९/
आता फिलाडेल्फिया, १९०६. विस्टार इन्स्टिट्यूट ही १८९२ मध्ये शरीररचनेचे संग्रहालय म्हणून स्थापन झालेली संस्था. संचालक मिल्टन ग्रीनमन यांना तिथे बरण्यांतल्या नमुन्यांपलीकडचे संशोधन सुरू करायचे होते. त्यांनी शिकागोहून मेंदूतज्ज्ञ हेन्री हर्बर्ट डोनाल्डसन यांना बोलावले. डोनाल्डसन आले, त्यांच्याबरोबर त्यांचे जपानी सहकारी शिंकिशी हाताई आले, आणि पिंजऱ्यांतून पांढरे उंदीरही आले.

१०/
डोनाल्डसन यांना हवे होते मेंदूच्या वाढीचे गणित. जन्मापासून म्हातारपणापर्यंत मेंदू कसा वाढतो, हे माणसात पाहायचे तर संशोधकाचेच आयुष्य संपेल. उंदीर मात्र तीन वर्षांत म्हातारा होतो. डोनाल्डसन यांचा हिशोब असा होता की, उंदराचे आयुष्य माणसाच्या तीसपट वेगाने धावते. त्याची तीन वर्षे म्हणजे आपली नव्वद. एका संशोधकाच्या कारकिर्दीत उंदरांच्या कितीतरी पिढ्यांचा जन्म, तारुण्य आणि वार्धक्य मोजता येईल, ही त्यामागची कल्पना.

११/
मग मोजणी सुरू झाली आणि ती थांबलीच नाही. कोणत्या वयाला शरीराचे वजन किती. शेपटी किती लांब. मेंदू, मज्जारज्जू, हृदय, यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा, अधिवृक्क, डोळे यांचे वजन किती. नर किती, मादी किती. मेंदूत पाणी किती टक्के. हाताई हे गणितात निष्णात. त्यांनी शरीराच्या वजनावरून अवयवाचे वजन काढण्याची सूत्रे बसवली. म्हणजे उंदीर तराजूवर ठेवावा, आकडा सूत्रात घालावा आणि त्याचा मेंदू किती वजनाचा ‘असायला हवा’, ते कवटी न उघडताच सांगावे.

१२/
१९१५ मध्ये या साऱ्या आकड्यांचे पुस्तक निघाले : ‘द रॅट’. नावात डौल नाही, आत कथा नाही. पानेच्या पाने कोष्टके. १९२४ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती आली. आज ते उघडले तर रेल्वेच्या वेळापत्रकाइतके कोरडे वाटते. पण ‘निरोगी उंदीर’ ही कल्पना या पुस्तकामुळे प्रथमच आकड्यांत बांधली गेली. यापूर्वी निरोगी म्हणजे टवटवीत, चपळ, चकचकीत केसांचा. यापुढे निरोगी म्हणजे इतक्या दिवसांचा, इतक्या ग्रॅमचा.

१३/
त्याच इमारतीत हेलन डीन किंग काम करत होत्या. १९०९ पासून त्यांनी भाऊ-बहिणींचाच संकर लावत पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या. हेतू असा की, सर्व उंदीर शक्य तितके एकसारखे व्हावेत. जवळच्या नात्यातील संबंधांनी वंश दुबळा होतो, ही त्या काळची पक्की समजूत. किंग यांनी प्रत्येक पिढीतून सुदृढ पिल्लेच निवडली आणि पंचवीस पिढ्यांनंतरही त्यांचे उंदीर आकाराने, आयुष्याने, प्रजननाने कमी पडले नाहीत. वर्तमानपत्रांनी यावरून भलताच गहजब केला; माणसांच्या लग्नांबद्दल त्यांनी काही म्हटलेले नसतानाही.

१४/
ग्रीनमन यांची दृष्टी कारखानदाराची होती. रसायनशास्त्रज्ञाला शुद्ध रसायन लागते, मग जीवशास्त्रज्ञाला शुद्ध प्राणी का नको? पिंजरा, अन्न, उष्णता, स्वच्छता या सर्वांचे नियम ठरले आणि १९२३ मध्ये त्यांचेही पुस्तक निघाले. विस्टारचे उंदीर देशोदेशी जाऊ लागले. १९४२ मध्ये संस्थेने ‘विस्टारॅट’ हे नाव व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवलेसुद्धा. आज जगातील प्रयोगशाळांत जे पांढरे उंदीर आहेत, त्यांतील फार मोठ्या संख्येची वंशावळ या एका इमारतीपर्यंत मागे जाते. स्प्रेग-डॉली हे दुसरे प्रसिद्ध घराणेही तसेच : विस्कॉन्सिनमधल्या रॉबर्ट डॉली यांनी ते विस्टारच्या माद्यांपासून पुढे नेले आणि नावात पत्नीचे माहेरचे आडनाव जोडले.

१५/
पण कोष्टकातला आकडा हा उंदराचा आकडा असतो, की त्याच्या पिंजऱ्याचा, ताटाचा आणि वाढवणाऱ्याचा? हा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो भारतात.

१६/
निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे ब्रिटिश डॉक्टर आहारावर संशोधन करत होते. (त्यांच्या प्रयोगशाळेतूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.) त्यांनी एकाच वाणाच्या, सारख्या वयाच्या उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका प्रांताचा आहार दिला : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. काही महिन्यांनी वजने केली. गव्हाच्या पोळ्या, दूध-दही, लोणी, डाळी आणि ताज्या भाज्या खाणारा ‘शीख’ उंदीर सर्वांत वजनदार निघाला. त्याच्या मागे पठाण, तिसरा मराठा. आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळावर राहिलेला मद्रासी सर्वांत खाली.

१७/
या क्रमवारीवरून प्रांताभिमान बाळगण्याचे कारण नाही. मॅककॅरिसन मोजत होते ताट, जात नव्हे. येथे महत्त्वाची गोष्ट निराळी. सर्व उंदीर एकाच रक्ताचे होते, एकही आजारी पाडलेला नव्हता, कोणालाही विष दिलेले नव्हते. तरीही ‘सामान्य’ वजने एकमेकांपासून दूर दूर पडली. मॅककॅरिसन यांनी मग आपल्या पैदाशीच्या हजाराहून अधिक उंदरांना शीख आहारच ठेवला आणि त्यांच्यात रोगराई जवळजवळ दिसेनाशी झाली, असे सांगितले. तुलनेसाठी उभा केलेला उंदीरच अर्धपोटी असेल, तर प्रयोगाचा काटा आधीच झुकलेला असतो.

१८/
इकडे विषाच्या मोजमापातही एक महत्त्वाची घटना घडली होती. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेतील ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले की, ‘प्राण्याला मारणारी किमान मात्रा’ ही कल्पना फसवी आहे. एक प्राणी थोड्याशा मात्रेने मरतो, दुसरा दुप्पट मात्रेनेही जगतो. टोके अस्थिर असतात, मध्य स्थिर असतो. म्हणून गटातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतील ती मात्रा मोजावी. हीच पुढे ‘एल-डी ५०’ म्हणून जगभर गाजली. ट्रेव्हन यांना ती हवी होती डिजिटॅलिससारख्या, मात्रा जरा चुकली की घात करणाऱ्या औषधांच्या प्रत्येक खेपेची ताकद तपासायला. नंतर मात्र ती प्रत्येक नव्या रसायनाला लावण्याचा शिरस्ता पडला आणि असंख्य प्राणी तिच्यापायी गेले. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही जुनी चाचणी आपल्या यादीतून काढली ती २००२ मध्ये.

१९/
एलिक्झिरच्या बळींनंतर १९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला : बाजारात येण्याआधी औषध सुरक्षित असल्याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे काय, याची घडी बसवली औषध प्रशासनातील अर्नोल्ड लेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९४९ मध्ये त्यांनी चाचण्यांची पद्धत लिहून काढली. काही आठवड्यांची चाचणी, काही महिन्यांची चाचणी आणि अन्नातून रोज पोटात जाणाऱ्या पदार्थांसाठी उंदराच्या जवळजवळ पूर्ण आयुष्याइतकी, दोन वर्षांची चाचणी. दर आठवड्याला वजन. खाल्लेल्या अन्नाची नोंद. रक्ततपासणी. शेवटी प्रत्येक अवयव तराजूवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली. डोनाल्डसन यांची कोष्टके ज्यासाठी केलीच नव्हती, त्या कामी त्यांची रीत आली.

२०/
या चाचणीचा निकाल माणसाच्या ताटापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहण्यासारखे आहे. समजा एका रंगाची रोजची मात्रा उंदराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत वाढवली, तरी विष दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत काही फरक दिसत नाही. त्यापुढे दिसू लागतो. मग ५० ला १०० ने भागायचे. हा शंभराचा भाजक लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये मांडला. ढोबळमानाने दहा यासाठी, की माणूस उंदराहून नाजूक असू शकतो. आणि आणखी दहा यासाठी, की माणसामाणसांत फरक असतो. उत्तर आले अर्धा मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३० मिलिग्रॅम.

२१/
‘काही फरक दिसत नाही.’ साऱ्या गणिताचा भार या चार शब्दांवर आहे. फरक कशापासून? शेजारच्या पिंजऱ्यातील, तेच अन्न, तेच पाणी, तोच उजेड मिळालेल्या, पण विष न मिळालेल्या उंदरांपासून. त्यांना नियंत्रण गट म्हणतात. हा गट बिघडला, तर ५० चा आकडा खोटा, ३० चा आकडा खोटा आणि सरबताच्या बाटलीवरचा भरवसाही खोटा.

२२/
आणि तो बिघडला. १९५३ मध्ये जोसेफ कलांड्रा या प्राध्यापकाने शिकागोजवळ इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही प्रयोगशाळा सुरू केली होती. कीटकनाशके, औषधे, साबण, खाद्यरंग. कंपन्या नमुने पाठवत, प्रयोगशाळा उंदरांवर चाचण्या करून अहवाल देई. सत्तरीच्या दशकापर्यंत ती अमेरिकेतील या धंद्यातील सर्वांत मोठ्या प्रयोगशाळांपैकी एक होती. १९७६ मध्ये औषध प्रशासनाचे एड्रियन ग्रॉस एका वेदनाशामक औषधाच्या चाचणीचे कागद तपासू लागले. मूळ नोंदींत तीन अक्षरांचे एक संक्षिप्त रूप पुन्हापुन्हा येत होते. अर्थ विचारला तेव्हा कळले : ‘फारच कुजलेला’. म्हणजे उंदीर केव्हा मेला, हे कोणी पाहिलेच नव्हते. तपासण्याजोगे शरीर उरले नव्हते.

२३/
तिथल्या एका मोठ्या खोलीला कर्मचाऱ्यांनी ‘दलदल’ असे नाव ठेवले होते. पाणी पुरवणारी आणि पिंजरे धुणारी स्वयंचलित यंत्रणा गळत असे. जमिनीवर पाणी, अंगावर तुषार, चिंब भिजलेले उंदीर गारठून किंवा बुडून मरत. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर ठेवले जात आणि जुन्याच क्रमांकाने नोंदी पुढे चालू राहत. कागदावर मेलेला प्राणी काही पानांनी पुन्हा जिवंत होई. नंतरच्या सरकारी तपासणीत तिथल्या बहुसंख्य चाचण्या निरुपयोगी ठरल्या. १९८३ मध्ये शिकागोच्या न्यायालयात तीन अधिकारी दोषी ठरले. कलांड्रा यांच्यावरचा खटला त्यांच्या आजारपणामुळे पूर्ण झाला नाही.

२४/
यातला खरा घाव जरा वेळाने ध्यानात येतो. अशा खोलीत विष दिलेला उंदीर आणि न दिलेला उंदीर दोघेही आजारीच असणार. मग दोघांत ‘काही फरक दिसत नाही’, हे वाक्य अक्षरशः खरे ठरते. नियंत्रण गट जितका रोगट, तितके विष निरुपद्रवी भासते.

२५/
या प्रकरणानंतर डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेने प्रयोगशाळांसाठी नियमावली काढली, ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’, म्हणजेच जीएलपी. तिच्यातील कलमे वाचताना एखाद्या जुन्या पेढीवरचा कारकून रोजकीर्द कशी लिहावी, ते शिकवतो आहे, असे वाटते. नोंद त्याच दिवशी, त्याच क्षणी. पुसता न येणाऱ्या शाईने. खाली सही आणि तारीख. चूक झाली तर गिरवून झाकायची नाही. जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा लिहायचा आणि कारण द्यायचे. एका चाचणीला एकच जबाबदार संचालक. तपासणी करणारा विभाग चाचणी करणाऱ्यांपासून वेगळा.

२६/
१९८१ मध्ये ओईसीडीने हे तत्त्व स्वीकारले आणि चाचण्यांची जागतिक मार्गदर्शिकाही दिली. नव्वद दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात दहा नर, दहा माद्या. खोलीचे तापमान २२ अंश सेल्सियस, तीन अंश इकडे-तिकडे. बारा तास उजेड, बारा तास अंधार. सुरुवातीला कोणत्याही प्राण्याचे वजन सरासरीपासून वीस टक्क्यांहून अधिक ढळलेले नको. उंदीर आला की लगेच चाचणी नाही. आधी त्याला नव्या जागेत रुळू द्यायचे. भारतात जीएलपीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण झाले २००२ मध्ये, आणि २०११ पासून येथील चाचण्यांचे निकाल ओईसीडीच्या देशांत ग्राह्य धरले जाऊ लागले.

२७/
नियम आले म्हणून डायएथिलिन ग्लायकॉल मात्र थांबले नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये तेच निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी साखळी उघडी पाडली. टल्साला पन्नास वर्षे होत आली होती. त्या द्रवाचे विषारीपण उंदरांनी केव्हाच सिद्ध केले होते. बाटलीत काय आहे, ते पाहणारे कोणी नव्हते, एवढेच.

२८/
दरम्यान उंदीर स्वतः बदलत होता. डोनाल्डसन आणि किंग यांच्या काळातला प्रौढ नर तीनशे ग्रॅमच्या आसपास भरे. आज पोटभर खायला दिलेला स्प्रेग-डॉली नर सहज पाचशेच्या पुढे जातो. पैदास करणाऱ्यांनी अधिक पिल्ले देणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जोड्या निवडल्या. पिंजऱ्यात धावायला जागा नाही, समोर चोवीस तास अन्न. दोन वर्षांच्या चाचणीत नियंत्रण गटातीलच कितीतरी प्राणी लठ्ठपणाने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने आधीच मरू लागले.

२९/
यातून एक विचित्र दृश्य उभे राहिले. जे रसायन भूक मारते, ते खाणारे उंदीर बारीक राहत, आणि म्हणून नियंत्रण गटाहून जास्त जगत. त्यांना गाठीही कमी होत. कागदावर पाहिले तर विष आयुष्य वाढवते! बिचाऱ्या विषाचे यात श्रेय काहीच नव्हते. तुलनेचा उंदीर निरोगी राहिला नव्हता.

३०/
गाठींचा प्रश्नही तसाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने अनेक वर्षे ‘फिशर ३४४’ हा वाण वापरला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२० मध्ये मेनी कर्टिस यांनी फिशर नावाच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या उंदरांच्या ३४४ क्रमांकाच्या जोडीपासून तो निघाला. एकसारखा, आटोपशीर आकाराचा, दीर्घायुषी. पण म्हातारपणी याच्या बहुतेक नरांच्या वृषणांत काही न देताही गाठी होतात आणि एका प्रकारचा रक्ताचा कर्करोगही बऱ्याच प्राण्यांत दिसतो. शंभरातल्या नव्वदांना जे होणारच, ते एखादे रसायन वाढवते की नाही, हे पाहणार कसे? या शतकाच्या पहिल्या दशकात त्या कार्यक्रमाने हा वाण बाजूला ठेवला.

३१/
हृदयाच्या ठोक्यांची कथा तर आणखी गमतीची. पाठ्यपुस्तके उंदराचे ठोके मिनिटाला अडीचशे ते पाचशे अशा ऐसपैस पट्ट्यात देत आली. पूर्वी ठोके किंवा रक्तदाब मोजायचा तर उंदराला अरुंद नळीत डांबावे लागे. ऐंशीच्या दशकात शरीरात बसवता येणारे छोटे प्रक्षेपक आले आणि प्रथमच उंदीर आपल्या पिंजऱ्यात, कोणी हात न लावता मोजला गेला. शांत बसलेल्या उंदराचे ठोके निघाले तीनशे-साडेतीनशेच्या घरात. नुसता पिंजरा बदलला, की ते चारशेपलीकडे उडत आणि खाली यायला तास-दीड तास घेत. आधीच्या कितीतरी नोंदींत उंदराच्या हृदयाबरोबर त्याची भीतीही मोजली गेली होती.

३२/
रक्ताचेही तेच. शेपटीतून काढले तर पेशींची संख्या एक, हृदयातून काढले तर दुसरी. रात्रभर उपाशी ठेवला तर साखर निराळी, यकृताचे वजन निराळे. २०१४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, खोलीत नुसता पुरुष असला, किंवा त्याने घातलेला सदरा ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया बदलते. स्त्री संशोधक असता तसे होत नाही. आता प्रश्न पडतो, गेल्या शतकातील किती कोष्टकांत त्या सदऱ्याचा वास मिसळला असेल?

३३/
म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा आज छापील कोष्टकावर विसंबत नाहीत. त्या स्वतःच्या नोंदी ठेवतात : आपला वाण, आपला पुरवठादार, आपले खाद्य, आपली खोली, आपले यंत्र, आणि त्या परिस्थितीत गेल्या काही वर्षांत विष न दिलेल्या उंदरांची मोजमापे कोणत्या पट्ट्यात पडली. एखाद्या चाचणीत नियंत्रण गटच या पट्ट्याबाहेर गेला, तर आधी खोली तपासतात, पाणी तपासतात, तराजू तपासतात. रसायनाकडे बोट दाखवण्याची पाळी त्यानंतर येते.

३४/
साठलेल्या या नोंदींतूनच आता नवा वाद उभा राहिला आहे. २०२० मध्ये विषशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘आभासी नियंत्रण गट’ ही कल्पना मांडली. हजारो निरोगी उंदरांचे आकडे संगणकात असतील, तर दर चाचणीत नव्याने वीस उंदीर तुलनेसाठी का ठेवायचे आणि शेवटी मारायचे? नेहमीच्या चाचणीत चार गट असतात : एक नियंत्रण आणि तीन वाढत्या मात्रांचे. त्यांतला एक गेला, तर चौथा हिस्सा प्राणी वाचतात. विरोधकांचे म्हणणे असे की, त्या दिवशी त्या खोलीत काय बिघडले होते, हे फक्त त्या दिवशी त्या खोलीत असलेला उंदीरच सांगू शकतो. ‘दलदल’ संगणकाला दिसली नसती.

३५/
या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. तोवर जगभरातील प्रयोगशाळांत दर आठवड्याला कोणीतरी पिंजऱ्याचे झाकण उघडते, काहीही न दिलेला एक पांढरा उंदीर उचलून तराजूवर ठेवते, काटा स्थिर होण्याची वाट पाहते, आकडा लिहिते आणि खाली सही व तारीख घालते.